पऱ्हाटीचा कोळसा आणि कापडाचा रंग

कापसाची शेवटची वेचणी संपली की वऱ्हाडातल्या शेतांत पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या राहतात. पानं झडलेली, बोंडांची टरफलं फांद्यांना लटकलेली, खोड वाळून कडक झालेलं. बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे निघालं की वाटेत अमडापूर लागतं. टेकडीवरच्या बल्लाळदेवीमुळे पंचक्रोशीत ओळखलं जाणारं हे घाटावरचं गाव. भोवती कापूस, तूर आणि गेल्या काही दशकांत वाढलेलं सोयाबीन. हंगाम सरला की या भागात पऱ्हाट्या उपटायच्या, मोळ्या बांधायच्या आणि बांधावर रचायच्या, हे काम सुरू होतं. काही मोळ्या चुलीसाठी घरी येतात. उरलेल्या बऱ्याचशा तिथेच पेटवल्या जातात, कारण उन्हाळी मशागतीसाठी शेत मोकळं हवं असतं.

याच पऱ्हाटीपासून केलेला कोळसा कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग ओढून घेऊ शकतो. त्यासाठी तो विशिष्ट पद्धतीने तयार करावा लागतो आणि मग त्याला सक्रिय कार्बन म्हणतात. विषय प्रयोगशाळेतला वाटतो, पण त्याचं एक टोक अमडापूरच्या बांधावर आहे आणि दुसरं इचलकरंजीच्या खाली वाहणाऱ्या पंचगंगेत. या दोन टोकांमधलं अंतर अजून कुणी नीट चाललेलं नाही. या विषयावरचे प्रयोग, तक्ते आणि आलेख वाचण्याआधी ते अंतर किती आहे आणि वाटेत काय काय आहे, हे पाहून घेणं गरजेचं आहे.

बुलढाणा जिल्ह्याची ओळख कापड रंगवणारा जिल्हा अशी कधी नव्हती. हा कापूस पिकवणारा आणि पाठवणारा मुलूख. खामगावची कापसाची बाजारपेठ इंग्रजांच्या काळात एवढी मोठी होती की केवळ कापसासाठी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. सरकी काढायची, रुई दाबायची, गाठी बांधायच्या आणि पाठवून द्यायच्या. सूत, कापड आणि रंग हे पुढचं सगळं दुसरीकडे होत राहिलं. त्यामुळे रंगाच्या पाण्याचा त्रासही दुसरीकडेच झाला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला आणि पुढच्या शंभर वर्षांत ते गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. मागांच्या मागोमाग सायझिंग आलं, प्रोसेस हाऊस आले आणि त्यांचं पाणी पंचगंगेत आलं. ही नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. तिथवर जाताना ती शिरोळ तालुक्यातल्या गावांमधून जाते आणि त्या गावांनी नदीच्या काळ्या पाण्याविरुद्ध आणि मेलेल्या माशांवरून वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत.

मुंबईच्या आसपासच्या घटना अधिक गाजल्या, कारण त्यांची छायाचित्रं निघाली. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात निळे झालेले भटके कुत्रे दिसले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखाना बंद करायला लावावा लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. हे दोन्ही प्रसंग रंग आणि रसायनं बनवणाऱ्या वसाहतींतले, कापड रंगवणाऱ्या नव्हेत. पण लोकांच्या मनात प्रश्न एकच उमटला: इतका रंग उघड्यावर येतोच कसा?

त्याचं उत्तर रंगाच्या रसायनशास्त्रातच आहे. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या रसायनातून क्विनीन तयार करायच्या प्रयत्नात होता. क्विनीन झालं नाही. काळपट गाळ उरला आणि त्यातून जांभळा रंग निघाला. कृत्रिम रंगांचा उद्योग तिथून सुरू झाला. त्याआधी आपल्याकडचे रंगारी नीळ, मंजिष्ठा, आल या झाडाचं मूळ, करडईची फुलं, हळद आणि हरडा यांवर काम करत. ते रंग पक्के बसवायला तुरटीसारखे पदार्थ लागत आणि वेळही भरपूर लागे. कृत्रिम रंगांनी हे सगळं सोपं केलं. पर्किनच्या शोधाला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५६ मध्ये, आयसीआय या ब्रिटिश कंपनीने प्रोसियन नावाने पहिले रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. हे रंग कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून धुतल्यावर उतरत नाहीत. आज अंगावरचा सुती टी-शर्ट दहा धुण्यांनंतरही लाल राहतो तो याच रंगांमुळे.

याच गुणात अडचणही दडलेली आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंग तंतूशी जोडला जावा म्हणून रंगाच्या हौदात सोडा घालून पाणी बरंच अल्कधर्मी करतात; पीएच साडेदहा-अकरापर्यंत जातो. रंगाने तंतूकडे जावं म्हणून मीठ घालतात, तेही लिटरमागे कित्येक ग्रॅम. अशा पाण्यात रंगाचा प्रत्येक रेणू कापसाशीच जोडला जाईल याची शाश्वती नसते. काही रेणू वाटेत पाण्याशीच अभिक्रिया करून बसतात आणि मग ते कापसाला कधीच चिकटू शकत नाहीत. रंग आणि पद्धत यांनुसार घातलेल्या रंगाचा दहाव्या हिश्शापासून जवळजवळ अर्ध्यापर्यंत भाग असा वाया जातो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. कारागीर निष्काळजी असो वा दक्ष, हे होणारच. आणि डोळा इतका तीक्ष्ण असतो की काही रंग लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी असले तरी पाणी रंगीत दिसतं.

रंग दिसतो म्हणून लोक ओरडतात, हे खरं तर नदीचं भाग्य. कित्येक घातक पदार्थ दिसतच नाहीत. तरी रंगाचा अपाय केवळ दिसण्यापुरता नाही. रंगीत पाण्यातून सूर्यप्रकाश खाली उतरत नाही. शेवाळ आणि पाणवनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण मंदावतं आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. वापरातले निम्म्याहून अधिक कृत्रिम रंग अ‍ॅझो जातीचे, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधावर उभे असलेले. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू हा बंध तोडतात. तेव्हा रंग नाहीसा होतो, पण काही अ‍ॅझो रंगांतून अशा वेळी बेन्झिडीनसारखी कर्करोगकारक अ‍ॅमाइन्स सुटतात. म्हणूनच भारताने १९९३ मध्ये ४२ बेन्झिडीनजन्य रंगांवर आणि १९९७ मध्ये आणखी ७० अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. एखाद्या कारखान्याच्या नाल्याचं पाणी अचानक फिकं झालं तर आनंद मानण्याआधी रंग कुठे गेला हे विचारावं लागतं. काही ठिकाणी ब्लीच ओतून रंग मारतात. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं, पण रेणूचे तुकडे, आणि त्यांना चिकटलेला क्लोरीन, पाण्यातच राहतात.

पाणी निवळायच्या जुन्या युक्त्या इथे अर्धवटच कामी येतात. निर्मळीच्या बिया उगाळून गढूळ पाणी निवळण्याची पद्धत सुश्रुतसंहितेइतकी जुनी आहे. शेवग्याच्या बियांतलं प्रथिनही तेच करतं आणि तुरटीचा खडा तर घरोघरी होता. हे सगळे पदार्थ पाण्यात तरंगणारे बारीक कण एकत्र आणून तळाला बसवतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र पाण्यात विरघळलेला असतो. कणच नाहीत तर बसवणार काय? तुरटीची मात्रा वाढवली की काही रंग खाली येतो, पण त्याबरोबर ओल्या गाळाचे ढीग साचतात. सांडपाण्यातले जिवाणू साखर, पिष्ट, साबण खातात. रंगाला ते फारसे शिवत नाहीत, कारण उन्हात, घामात आणि धुण्यात टिकावा म्हणूनच तो घडवलेला असतो. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला नोय्यल नदीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये शेकडो रंगाई युनिटं बंद करायला लावली आणि पुढे नदीत एक थेंबही न सोडण्याची अट पाळून ती पुन्हा उभी राहिली. तिथला मार्ग म्हणजे पडद्यांमधून पाणी दाबून काढणं आणि उरलेलं खारं पाणी आटवणं. तो परिणामकारक आहे. पण विजेचं बिल, पडद्यांची किंमत आणि शेवटी उरणारा मिठाचा ढीग लहान युनिटाच्या आवाक्याबाहेर जातो.

मग कोळसा पुढे येतो.

कोळशाचा हा गुण नवा नाही. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबिआस लोविट्झ या औषधनिर्मात्याला दिसलं की टार्टारिक आम्लाच्या मळकट द्रावणात कोळसा टाकला तर ते रंगहीन होतं. लवकरच साखर कारखान्यांनी ही युक्ती उचलली. विसाव्या शतकाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत राफाएल फॉन ओस्ट्रेयको यांनी दोन पेटंटं घेतली. एकात कोळसा वाफेने किंवा कार्बन डायऑक्साइडने तापवायचा, दुसऱ्यात लाकूड झिंक क्लोराइडसारख्या क्षारात भिजवून मग भाजायचं. आजही जगभर सक्रिय कार्बन याच दोन वाटांनी तयार होतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कार्बन भरला गेला आणि मग हा पदार्थ सर्वदूर पोहोचला.

साध्या कोळशात आणि सक्रिय कार्बनमध्ये फरक आहे तो छिद्रांचा. लाकूड बंद भट्टीत तापवलं की त्यातलं पाणी आणि बाष्पशील पदार्थ निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा उरतो. त्याची बरीच छिद्रं डांबराने बुजलेली असतात. आठशे-नऊशे अंश सेल्सियसला त्यावरून वाफ सोडली की ती कार्बनलाच थोडं थोडं खात जाते, बुजलेली छिद्रं उघडते आणि नवी पाडते. दुसऱ्या वाटेत वाळलेल्या चुऱ्याला फॉस्फोरिक आम्ल पाजून चारशे ते पाचशे अंशांना भाजतात. आम्ल लाकडाच्या आत जागा धरून ठेवतं आणि धुऊन काढलं की तिथे पोकळ्या उरतात. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅमचं अंतर्गत पृष्ठफळ हजार चौरस मीटर भरतं. पुरुषांचं कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतं. चिमूटभर काळ्या भुकटीत अशी सात-आठ मैदानं घडी घालून ठेवलेली असतात. रंगाचे रेणू पाण्यातून येऊन या भिंतींना चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. रेणू तुटत नाही, त्याचे घातक तुकडे होत नाहीत. तो पाण्यातून उचलून कार्बनवर ठेवला जातो.

कच्चा माल म्हणून जवळजवळ कुठलीही लाकडासारखी वस्तू चालते आणि शोधनिबंधांत त्यांची यादी लांबलचक आहे. नारळाची करवंटी, भाताचं तूस, उसाचं चिपाड, चिंचोके, बाभळीची साल, कडुनिंबाची काडी. १९५५ मध्ये पुण्यात उकिरड्यांवर पहिल्यांदा नोंदलं गेलेलं आणि मग देशभर माजलेलं गाजरगवतसुद्धा या कामी वापरून पाहिलं गेलं आहे. पण अमडापूरच्या परिसरात पहिला हक्क पऱ्हाटीचा, दुसरा तुराटीचा. पऱ्हाटीचं खोड रचनेने लाकडाच्या जवळचं. मुंबईतली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे १९२४ मध्ये माटुंग्याला सुरू झालेली सिरकॉट, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि इंधनाच्या विटा बनवण्यावर अनेक वर्षं काम करत आली आहे. चीनमधल्या संशोधकांनीही पऱ्हाटीपासून सक्रिय कार्बन करून मिथिलिन ब्ल्यूवर तपासलेला आहे. म्हणजे हे होतं का, हा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो इथल्या पऱ्हाटीने, इथल्या भट्टीत, इथल्या कापडाच्या पाण्यावर ते कसं आणि किती खर्चात होतं याचा.

पऱ्हाटी शेतातून लवकर हलवण्याला आणखी एक कारण आहे. गुलाबी बोंडअळी. हंगाम संपल्यावर फरदड घेतली, किंवा पऱ्हाट्यांचे ढीग न उघडलेल्या बोंडांसकट बांधावर पडून राहिले, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. कृषी विभाग दरवर्षी हे सांगतो. पऱ्हाट्यांना कुणी गिऱ्हाईक मिळालं तर त्या वेळेत निघतील आणि जाळाव्याही लागणार नाहीत.

आता प्रयोगशाळेत जाऊ. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामीण महाविद्यालयात हा प्रयोग साधारण एकाच रीतीने होतो. वनस्पतीचा भाग आणायचा, धुवायचा, वाळवायचा, कुटायचा, आम्लात भिजवून मफल फर्नेसमध्ये भाजायचा, ऊर्ध्वपातित पाण्याने आम्ल जाईपर्यंत धुवायचा, चाळायचा. ठरावीक तीव्रतेचं रंगाचं द्रावण शंकूपात्रांत घेऊन प्रत्येकात कार्बनची वेगळी मात्रा टाकायची आणि शेकरवर हलवायचं. ठरल्या वेळी गाळून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर उरलेला रंग मोजायचा. मग पीएच बदलायचा, तापमान बदलायचं, वेळ बदलायची. आकडे लँगम्यूरच्या आणि फ्रॉइंडलिखच्या समीकरणांत बसवायचे आणि किती ग्रॅमला किती रंग हे काढायचं. या कामाला लाखोंचं उपकरण लागत नाही. काटेकोरपणा आणि चिकाटी लागते आणि लहान गावांतल्या महाविद्यालयांत ती भरपूर असते. कच्चा माल दारात आहे. विद्यार्थी शेतकऱ्यांची मुलं आहेत. पऱ्हाटी कधी उपटायची हे त्यांना शिकवावं लागत नाही. अशा प्रयोगशाळांतून निघणाऱ्या संशोधनाकडे मोठ्या संस्थांनी दुय्यम म्हणून पाहू नये.

मात्र या संशोधनाला एक सवय जडली आहे आणि ती मोडायला हवी. बहुतेक प्रयोग मिथिलिन ब्ल्यूवर होतात. १८७६ मध्ये हाइनरिश कारो याने शोधलेला हा निळा रंग स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे, ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश ठळकपणे शोषतो. कार्बनचा दर्जा ठरवायची ती एक मान्य कसोटीही आहे. पण सुती कापडाच्या कारखान्यातून सहसा मिथिलिन ब्ल्यू बाहेर पडत नाही. पडतात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणि दोहोंचा स्वभाव उलटा आहे. मिथिलिन ब्ल्यूच्या रेणूवर धन भार असतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांवर सल्फोनेट गटांमुळे ऋण भार. फॉस्फोरिक आम्लाने केलेल्या कार्बनच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी गट जास्त असतात आणि अल्कधर्मी पाण्यात ते ऋण भारित होतात. असा कार्बन मिथिलिन ब्ल्यूला जवळ ओढतो आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला दूर लोटतो. शिवाय मिथिलिन ब्ल्यूचा रेणू लहान. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ हा जगभर खपणारा काळा रंग त्याच्या तिपटीने जड. दोन नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत छोटा रेणू शिरतो, मोठा दारातच अडकतो. त्यामुळे ‘नव्याण्णव टक्के रंग गेला’ हे वाक्य मिथिलिन ब्ल्यूबद्दल खरं असूनही इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसला त्याचा काहीच उपयोग होत नाही, असं घडू शकतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. प्रयोगशाळेत रंग ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळलेला असतो. कारखान्याच्या पाण्यात त्याच्यासोबत मीठ, सोडा, सायझिंगची कांजी, साबण, तेल आणि दोन-चार निरनिराळे रंग असतात आणि हे सगळे कार्बनच्या त्याच जागांसाठी झगडतात. मीठ काही वेळा मदतही करतं, कारण ते ऋण भारांमधलं एकमेकांना लोटणं कमी करतं. नेमकं काय होईल हे मोजूनच कळतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी जे निकष अधिसूचित केले त्यांत रंगासाठी प्लॅटिनम-कोबाल्ट मापनाने १५० एककांची मर्यादा आहे. शोधनिबंधात शेवटचा आकडा या एककात दिला गेला तर कारखानदाराला आणि मंडळाच्या अधिकाऱ्याला तो लगेच समजेल.

हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, रंगीत पाण्यात लिटरमागे शंभर मिलिग्रॅम रंग आहे आणि पऱ्हाटीचा कार्बन खऱ्या पाण्यात ग्रॅममागे शंभर मिलिग्रॅम रंग उचलतो. मग लिटरला एक ग्रॅम, म्हणजे एक लाख लिटर पाण्याला शंभर किलो कार्बन. भाजताना वजनाचा तिसरा हिस्सा उरतो असं उदारपणे धरलं तर तीनशे किलोंहून थोडी जास्त पऱ्हाटी लागेल. एका हेक्टरातून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. म्हणजे बारा-पंधरा गुंठ्यांतली पऱ्हाटी एक लाख लिटर पाण्याला पुरेल. रोज एक कोटी लिटर पाणी शुद्ध करायचं झालं तर वर्षाला सुमारे पाच हजार हेक्टरांवरची पऱ्हाटी लागेल. महाराष्ट्रात कापसाखाली चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र आहे. कच्चा माल कमी पडण्याची भीती नाही.

भीती दुसऱ्याच गोष्टींची आहे. पऱ्हाटी हलकी आणि विस्कळीत. ट्रक भरतो पण वजन भरत नाही आणि डिझेलचा खर्च मालाच्या किमतीला गिळतो. ती वर्षातून दोन-तीन महिनेच मिळते. म्हणून तुकडे करण्याचं आणि निदान पहिलं भाजण्याचं काम शेताजवळ व्हायला हवं: गावातल्या किंवा तालुक्याच्या भट्टीत, धूर कोंडून आणि त्या धुरातला वायू जाळून. कोळसा पाडण्याचं ज्ञान महाराष्ट्राला नवं नाही, लोणारी समाजाचा तो पिढीजात धंदा होता. आजच्या भट्टीला त्यापेक्षा जास्त शिस्त लागेल एवढंच. उघड्या खड्ड्यात धूर काढत कोळसा पाडायचा आणि त्याने नदी वाचवली म्हणायचं, हे चालणार नाही.

चुलीचाही विचार करावा लागेल. संशोधनाच्या भाषेत पऱ्हाटी ‘टाकाऊ कृषी अवशेष’ असते. ज्या घरात गॅसचं सिलिंडर पुन्हा भरणं परवडत नाही, त्या घरात ती सकाळचा चहा आणि संध्याकाळची भाकरी असते. भूमिहीन मजूर बायका पऱ्हाट्या उपटण्याच्या मोबदल्यात मोळ्या नेतात. त्यांना बाजूला सारून पऱ्हाटी कारखान्याच्या दारी गेली तर नदीकाठच्या माणसाचं भलं शेतातल्या बाईच्या खर्चाने होईल. मोळीला भाव मिळाला आणि तो भाव तिच्या हाती पडला, तर गोष्ट वेगळी.

सक्रिय करणाऱ्या रसायनांचंही तसंच. झिंक क्लोराइडने सुंदर कार्बन होतो, पण धुण्याच्या पाण्यात जस्त जातं आणि पाणी शुद्ध करण्यासाठी पाणी दूषित झालं असं होतं. फॉस्फोरिक आम्ल परत मिळवून पुन्हा वापरता येतं आणि येत नसेल तर खर्च आणि फॉस्फेटचा भार दोन्ही वाढतात. वाफेचा मार्ग सगळ्यात स्वच्छ, मात्र त्याला तापमान जास्त लागतं आणि हाती उरणारा माल कमी. ग्रामीण भट्टीसाठी वाफच योग्य, असं मानायला जागा आहे. वाफेने केलेला कार्बन सहसा अल्कधर्मी असतो, म्हणून ऋण भाराच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांशी त्याचं जमण्याची शक्यताही अधिक. तरी बहुतेक विद्यार्थी आम्लाचाच मार्ग धरतात, कारण महाविद्यालयाच्या मफल फर्नेसला वाफेची जोडणी नसते.

आणि शेवटी रंगाने भरलेल्या कार्बनचं काय? रंग नाहीसा झालेला नाही, जागा बदलून बसला आहे. तो कार्बन शेतात खत म्हणून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तसं करू नये. तो घातक कचरा आहे. सातशे-आठशे अंशांवर पुन्हा तापवून तो ताजा करता येतो, पण प्रत्येक फेरीत काही टक्के कार्बन जळून जातो आणि मऊ पऱ्हाटीचा कार्बन करवंटीच्या कार्बनइतकी झीज सोसत नाही. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळणं हा एक मान्य मार्ग आहे. तिथल्या तापमानाला रंगाचे रेणू टिकत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत. पऱ्हाटीच्या कार्बनच्या भुकटीसाठी ‘वापरून झाली की भट्टीत’ ही वाट कदाचित सगळ्यात सोपी ठरेल. आणखी एक पर्याय म्हणजे भुकटी थेट जिवाणूंच्या हौदातच घालायची. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्यूपाँटच्या चेंबर्स वर्क्स या कारखान्यात, जिथे रंगांचंही उत्पादन होत असे, १९७० च्या दशकात असं तंत्र उभारलं गेलं. कार्बन रंग धरून ठेवतो, जिवाणू बाकीचं खातात आणि दोन्ही एकमेकांना मदत करतात. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात वातनाचे हौद आधीच बांधलेले असतात. नवा मनोरा उभारायला लागत नाही.

मीठ मात्र कार्बन काढत नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. रंग गेलेलं पाणीही खारटच राहतं आणि ते वर्षानुवर्षं शेताला दिलं तर जमीन चोपण होते. पऱ्हाटीचा कार्बन हा प्रक्रियेतला एक टप्पा आहे. त्याच्याकडून सगळ्याची अपेक्षा करणारा निबंध वाचकाची फसवणूक करतो.

महाराष्ट्राकडे या कामाला लागणारी विद्या वेगवेगळ्या ठिकाणी आहे. मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेल्या यूडीसीटीत, आजच्या आयसीटीत, कापड रसायनशास्त्र पहिल्यापासून शिकवलं गेलं. तिथले संचालक आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे प्रमुख झालेले के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर १९५२ पासून प्रसिद्ध केलेले ग्रंथ जगभर प्रमाण मानले गेले. नागपूरला १९५८ पासून नीरी आहे. सिरकॉटला पऱ्हाटी ठाऊक आहे, नीरीला सांडपाणी, आयसीटीला रंग. आणि चिखली, अमडापूर, खामगावच्या बाजूच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे की पऱ्हाटी कुठल्या आठवड्यात किती वाळलेली असते. यांतल्या दोघांनी जरी एकमेकांना पत्र लिहिलं तरी काम पुढे सरकेल.

म्हणून असा शोधनिबंध वाचताना, आणि या विषयावर प्रयोग करू पाहणाऱ्याने स्वतःची वही उघडताना, काही गोष्टी तपासाव्यात. रंग कोणता घेतला: मिथिलिन ब्ल्यू एकटाच, की सोबत एखादा रिअ‍ॅक्टिव्हही? पाणी ऊर्ध्वपातित होतं, की एखाद्या रंगाई युनिटातून आणलेलं? पीएच सातवरच थांबला, की दहाच्या पुढेही गेला? कार्बन शंकूपात्रातच हलवला, की नळकांड्यात भरून त्यातून पाणी सोडलं आणि किती लिटरनंतर रंग पलीकडे दिसू लागला याची नोंद केली? बाजारातला करवंटीचा कार्बन त्याच पाण्यावर, त्याच मात्रेत शेजारी ठेवून पाहिला का? एका किलोला वीज, आम्ल आणि मजुरी धरून किती रुपये पडले? मोळी कुठल्या बाईकडून घेतली आणि तिला काय दिलं? शेवटचे दोन आकडे शोधनिबंधांत जवळजवळ कधीच नसतात. ते पहिल्या तक्त्यातच यावेत.